बाबांची सेकंड शिफ्ट

बोईसरमध्ये वाढलेल्या पोरांना घड्याळ शाळेच्या आधी एमआयडीसी शिकवते. फर्स्ट शिफ्ट सात ते तीन, सेकंड तीन ते अकरा, थर्ड अकरा ते सात. बाबा थर्डला असले की सकाळी घरात कुजबुजत बोलायचं, मिक्सर लावायचा नाही, टीव्हीचा आवाज शून्यावर. तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बाबांनी 29 वर्षं बॉयलरजवळ काढली. आमच्या घरात कुणी झोपलंय याचा अर्थ 'कुणीतरी कमावून आलंय' असाच होता. त्यामुळे 2023 च्या नोव्हेंबरमध्ये, दिवाळी संपली त्या आठवड्यात, बाबा थर्ड करून आले आणि दुपारी एक वाजला तरी उठले नाहीत, तेव्हा कुणालाच काही वाटलं नाही.

सव्वा वाजता ते उठले. आईने चहा दिला तर कप उजव्या हातातून सुटला. बोलताना जीभ जड. आईने मला फोन केला. मी अंधेरीत एका कॅफेत लॅपटॉप उघडून डेडलाइनशी मारामारी करत होते. मी काय म्हणाले, ते मला शब्दन् शब्द आठवतं. "अगं, नाइट झालीय, ॲसिडिटी असेल. लिंबू सरबत दे आणि झोपू दे."

मास कॉमची डिग्री. दोन हेल्थ सप्लिमेंटसाठी लिहिण्याचा अनुभव. आणि हा सल्ला.

तीन वाजता शेजारचे काका सहज डोकावले. बाबांचं तोंड एका बाजूला ओघळलेलं त्यांना दिसलं आणि त्यांनी सरळ गाडी काढली. आधी जवळचे डॉक्टर, तिथे 'वीकनेस'चं इंजेक्शन. मग सीटी स्कॅन. मग अँब्युलन्स. बोईसर-चिल्हार रस्ता, चिल्हार फाटा, मनोर, हायवे, वर्सोवा पुलाचा ट्रॅफिक. मुंबईच्या हॉस्पिटलात पोचायला साडेसात वाजले. तिथल्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "शेवटचं नॉर्मल कधी पाहिलंत?"

आई म्हणाली, "सकाळी साडेआठला. झोपायला गेले तेव्हा."

डॉक्टरांनी मनातल्या मनात वजाबाकी केली असणार. आम्हीही केली. अकरा तास.

आता थोडा फंडा क्लिअर करू या, कारण तेव्हा मला तो नव्हता. स्ट्रोक म्हणजे मेंदूचा अटॅक. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते किंवा रक्तवाहिनी फुटते. गुठळीवाला प्रकार जास्त दिसतो. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन असतं, पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. मोठी नळी तुंबली असेल तर जांघेतून तार घालून गुठळी खेचून काढतात. काही निवडक पेशंटमध्ये हे 24 तासांपर्यंत करता येतं. बाबांची तुंबलेली नळी लहान आणि खोलवरची होती, तिथे तार जात नाही. आणि मुख्य गोष्ट म्हणजे घड्याळ लक्षणं दिसल्यापासून सुरू होत नाही. माणूस शेवटचा धडधाकट दिसला तिथपासून ते धरतात. झोपेत स्ट्रोक आला की झोपेचे सगळे तास हिशेबातून जातात. मोठी नळी तुंबली तर दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब एका अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टने 2006 मध्ये मांडला होता. त्या रात्री आयसीयूबाहेरच्या खुर्चीत बसून मी तो मोबाइलवर वाचला आणि फोन बंद केला.

आमच्याकडे याला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. लहानपणी ऐकताना वाटायचं, वारा आला आणि गेला, एवढंच. जाताना उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं घेऊन जातो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

नऊ दिवसांनी डिस्चार्ज मिळाला. मंडळी, इथे एक गंमत असते. स्ट्रोकबद्दल आपण जे काही वाचतो ते पहिल्या साडेचार तासांचं असतं. गोल्डन अवर, सायरन, धावपळ. सिनेमाला साजेसं सगळं तिथेच. पण पेशंट वाचतो आणि घरी येतो, त्यानंतरच्या साडेचार हजार तासांबद्दल कुणी काही सांगत नाही. आमच्या हातात एक फाइल, चार गोळ्यांची यादी आणि एक ओळ होती : 'फिजिओथेरपी सुरू ठेवावी.' कुठे, किती, कोणाकडून, ते आमचं आम्ही बघायचं.

बोईसरला अणुवीज केंद्राचा शेजार आहे. 1969 मध्ये देशातली पहिली अणुवीज इथल्या तारापूरला तयार झाली. शेकडो कारखाने आहेत. 2014 पासून आमचा स्वतंत्र पालघर जिल्हा आहे. पण स्पीच थेरपिस्ट शोधताना मी पंधरा फोन केले आणि शेवटी मुंबईतली अपॉइंटमेंट घेतली. आठवड्यातून एकदा डहाणू लोकल. बोईसर ते चर्चगेट साधारण शंभर किलोमीटर. 2013 मध्ये विरारच्या पुढे लोकल सुरू झाली तेव्हा आम्ही पोरं नाचलो होतो, आता मुंबई आपली म्हणून. दहा वर्षांनी त्याच लोकलच्या अपंगांच्या डब्यात बाबांना चढवताना कळलं की फलाट आणि डबा यांच्यातलं वीतभर अंतर किती मोठं असतं. तीन महिन्यांनी थेरपिस्ट मॅडमनी व्हिडिओ कॉलचा पर्याय दिला तेव्हा आईने त्यांना फोनवरूनच नमस्कार केला.

बोलण्याचं म्हणाल तर बाबांना अफेझिया झाला होता. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला की उजवं अंग जातं आणि बऱ्याचदा भाषाही अडकते. अक्कल शाबूत, समोरच्याचं बोलणंही बरंचसं कळतं, पण हवा तो शब्द सापडत नाही. बाबांना पाणी हवं असायचं आणि तोंडातून 'डबा' यायचं. चष्मा म्हणजे डबा, रिमोट म्हणजे डबा, मी पण डबाच. पण एका संध्याकाळी शेजारी आरती लागली आणि बाबा अख्खी आरती सुरात म्हणाले! एक ते वीस आकडे पण खडखडीत. आणि एकदा पाय खुर्चीला आपटला तेव्हा कंपनीतली एक कडक शिवीसुद्धा स्पष्ट निघाली. आई देवासमोर साखर ठेवायला धावली. थेरपिस्ट म्हणाल्या, हे बहुतेकांच्या बाबतीत होतं. पाठ झालेल्या गोष्टी, गाणी, आकडे, शिव्या वेगळ्या वाटेने बाहेर येतात. 'मला पाणी दे' हे मात्र दर वेळी नव्याने जुळवावं लागतं. खरा सराव त्याचा.

सल्ल्यांचा तर पूर आला. कुणी म्हणालं कबुतराचं रक्त चोळा. कुणी एका भगताचा पत्ता दिला. एका नातेवाइकाने बाबांना उठवताना उजवा हात धरून खेचला आणि खांद्याचं दुखणं दोन महिने मागे लागलं. हे मात्र लिहून ठेवा. लुळ्या हाताला धरून पेशंटला कधीही ओढायचं नाही. स्नायू सैल पडलेले असतात, खांद्याचा सांधा निसटतो. पाणी पिताना ठसका लागत असेल तर 'हळू प्या' म्हणून भागत नाही, गिळणं तपासून घ्यावं लागतं, नाहीतर पाणी फुप्फुसात जातं. या गोष्टी कळायला दहा मिनिटं पुरतात. आम्हाला त्या चुका करून कळल्या.

आणि आता माझी चूक नंबर दोन. लिंबू सरबतापेक्षा मोठी.

पहिल्या तीन महिन्यांत बाबांनी सॉलिड प्रोग्रेस केला. पायात स्प्लिंट घालून काठीवर घरातल्या घरात चालायला लागले. नंतर गाडी थांबली. फिजिओ आला की भिंतीकडे तोंड करायचे. दुपारभर झोपायचे. टीव्हीवरच्या कुठल्याही टुकार मालिकेत रडायला लागायचे. मी वीकेंडला मुंबईहून यायचे, माझ्याकडे एक्सरसाइजचा प्रिंटेड चार्ट होता, हिरव्या-लाल टिका होत्या, टार्गेट होतं. मार्चमधल्या एका रविवारी चार्टवर सगळं लाल बघून माझा तोल गेला. "बाबा, तुम्ही ट्रायच करत नाही!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं. शब्द आला नाही. 29 वर्षं रात्रपाळी केलेल्या माणसाला मी कामचुकार म्हटलं होतं आणि त्याला उलट उत्तर देता येत नव्हतं.

हा सीन मी कुणाला सांगितला नव्हता. आज सांगतेय, कारण नंतर न्यूरॉलॉजिस्टनी जे समजावलं ते प्रत्येक घराने आधीच ऐकायला हवं. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एका पेशंटला डिप्रेशन येतं. नशिबाला कंटाळून येतं तसंच ते मेंदूला झालेल्या इजेमुळेही येतं, आणि त्यावर औषध आहे. शिवाय एक वेगळाच थकवा असतो. शर्टाची दोन बटणं लावली की डबल ड्यूटी केल्यासारखा माणूस गळतो. आणि ते रडूसुद्धा दर वेळी दुःखाचं नसतं, भावनांचा ब्रेक ढिला झालेला असतो. मी ज्याला आळस म्हणत होते त्याची गोळी मेडिकलमध्ये मिळत होती.

आणखी एक गोष्ट. आपल्याकडे गृहीत धरलं जातं की घरचे लोक आहेत ना, ते करतील. हे खरंच चालतं का, हे आपल्याच देशात तपासून झालंय. 'अटेंड' नावाचा मोठा अभ्यास भारतातल्या 14 हॉस्पिटलांत झाला, 1250 पेशंटवर, आणि 2017 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. निम्म्या पेशंटच्या नातेवाइकांना घरी व्यायाम करून घ्यायचं ट्रेनिंग दिलं, बाकीच्यांना नेहमीची ट्रीटमेंट. सहा महिन्यांनी पाहिलं तर दोन्हीकडे दगावलेले किंवा दुसऱ्यावर अवलंबून असलेले पेशंट सारखेच निघाले, 47 टक्के. म्हणजे घरच्यांची माया खोटी नाही, पण तिच्या जिवावर थेरपिस्टची कमतरता भरून निघत नाही. हे वाचल्यावर माझी आई पहिल्यांदा शांत झोपली असेल. तोवर तिला वाटत होतं की आपणच कुठेतरी कमी पडतोय.

पैशाचंही बोलू. बाबांचं ईएसआयचं कार्ड होतं. त्या दुपारी घाईत ते कुणी शोधलंच नाही, आणि नंतरही आम्हाला वाटत होतं की त्यावर फक्त सर्दी-तापाच्या गोळ्या मिळतात. बाबांच्या एका जुन्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा डोळे उघडले. ईएसआयमध्ये आजारपणाचा साधा भत्ता वर्षाला 91 दिवस, पगाराच्या 70 टक्के. पण दीर्घ आजारांची 34 नावांची एक यादी आहे आणि त्यात हेमिप्लेजिया, म्हणजे अर्ध्या अंगाचा लकवा, आहे. दोन वर्षं सलग नोकरी आणि ठरलेल्या दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर 80 टक्क्यांनी भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. डिस्चार्ज कार्डावरचा तो एक अवघड शब्द आमच्या घराचा किराणा भरत होता. सरकारी नोकरी असेल तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 20 बघा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला सरकारी आस्थापना काढून टाकू शकत नाही. कंत्राटी कामगारांनी मात्र आपली वर्गणी खरंच भरली जातेय का, हे आजच तपासावं.

तर गाडी परत सुरू कशी झाली? डिप्रेशनच्या गोळ्या लागू पडायला काही आठवडे गेले. आणि एक दिवस नवीन फिजिओ मुलगी आली. ती माझ्याच वयाची असेल. आधीचे व्यायाम म्हणजे राजमा एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकणे. बाबांना त्याचा मनस्वी कंटाळा. तिने चार्ट बाजूला ठेवला आणि आईला विचारलं, "काका हाताने काय करायचे?" आईने पलंगाखालची टूलबॉक्स काढली. वेगवेगळ्या मापाचे नट-बोल्ट, पाने, वॉशर. त्या मुलीने एक मोठा बोल्ट बाबांच्या उजव्या मुठीत दिला, त्यावर डावा हात धरला आणि म्हणाली, "काका, हा नट बसवून द्या."

चाळीस मिनिटं लागली. नट तिरका बसला. बाबांनी तो काढला आणि परत लावला. तिरकं काम त्यांना कधीच चाललं नव्हतं.

मेंदूचं असं असतं म्हणे, की मेलेला भाग परत जिवंत होत नाही, पण आजूबाजूचा भाग ते काम शिकू शकतो. फक्त त्याला शेकडो वेळा तेच काम द्यावं लागतं, आणि ते काम त्या माणसाला कामाचं वाटायला हवं. सगळ्यात वेगाने सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते हे खरं. पण सहा महिने संपले की दार बंद होत नाही. अमेरिकेतल्या मेंदूशास्त्रज्ञ जिल बोल्ट टेलर यांना 1996 मध्ये, वयाच्या 37 व्या वर्षी मेंदूत रक्तस्राव झाला. त्यांना पूर्ण सावरायला आठ वर्षं लागली. हे मी बाबांना सांगितलं. त्यांनी डाव्या हाताची आठ बोटं दाखवायचा प्रयत्न केला, पाचवर अडकले, आणि आम्ही दोघं हसलो. स्ट्रोकनंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून बाबांची ड्यूटी ठरली. दुपारी तीन वाजता टूलबॉक्स उघडते. आम्ही त्याला सेकंड शिफ्ट म्हणतो. आधी नट-बोल्ट, मग शब्दांची कार्डं, मग संध्याकाळी काठी घेऊन चित्रालयपर्यंत चक्कर. चार्ट मी फाडून टाकला.

तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे, पण आमचं वय काय आणि विषय काय! थांबा. झेरोधाचे नितीन कामत यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये स्वतः जाहीर केलं की सहा आठवड्यांपूर्वी त्यांना माइल्ड स्ट्रोक आला होता. वय 44, फिटनेसचं वेड असलेला माणूस. वडिलांचं निधन, अपुरी झोप, दमणूक, शरीरातलं पाणी कमी होणं, अति व्यायाम, यातलं काहीही कारण असू शकतं असं त्यांनी लिहिलं. चेहरा वाकडा झाला होता, वाचता-लिहिता येत नव्हतं. आणि जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2021 मध्ये मांडलेला आकडा असा : आठवड्याला 55 तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना स्ट्रोकचा धोका 35 ते 40 तासवाल्यांपेक्षा 35 टक्क्यांनी जास्त. तुमचे तास मोजा. मी मोजले होते. सांगत नाही.

बाबांच्या केसमध्ये कारण साधं होतं. बीपी. 2019 पासून माहीत होतं. गोळी सुरू केली, बरं वाटलं, बंद केली. बीपीचा त्रासच असा की त्रास होत नाही. त्यामुळे बरं वाटणं हा काही पुरावा नाही. ती रोजची एक छोटी गोळी आणि आमचं सगळं आयुष्य, यांच्यामध्ये फक्त 'आता कशाला?' एवढाच प्रश्न होता.

म्हणून तीन गोष्टी पाठ करा. चेहरा एका बाजूला ओघळलाय? दोन्ही हात वर केले तर एक खाली येतोय? बोलणं अडखळतंय? यातलं एक जरी असेल तर सरबत नाही, झोप नाही, 108. आणि ज्या हॉस्पिटलात सीटी स्कॅन आणि गुठळीचं इंजेक्शन दोन्ही आहे, तिथेच. पालघर, बोईसर, डहाणूला तुमचे आईवडील राहत असतील तर असं जवळचं हॉस्पिटल कोणतं, ते आज शांतपणे शोधून फ्रिजवर चिकटवून ठेवा. त्या दिवशी डोकं चालत नाही. माझं चाललं नव्हतं.

दोन वर्षं उलटली. बाबा बॉयलरवर परत गेले नाहीत, जाणार नाहीत. उजव्या हाताने सही येते, पण ती जुनी सही नाही, बँकेने नवीन नमुना घेतला. दमले की शब्द अजून सांडतात. 'पूर्वीसारखे झाले का?' असं लोक विचारतात. नाही झाले. मी त्या प्रश्नाला उत्तर देणं सोडलंय, कारण ते उत्तर बाबांना ऐकू येतं.

गेल्या रविवारी मी संध्याकाळच्या लोकलसाठी निघाले होते. बाबा दारापर्यंत आले. काठी टेकली, थांबले, शब्द जमवत राहिले. लोकलची वेळ होत होती, पण मी थांबले. वाक्य पूर्ण करून द्यायचं नाही, हे थेरपिस्टनी शिकवलंय.

"पोचलीस... की... फोन," बाबा म्हणाले.

कॉलेजपासून रोज ऐकलेलं वाक्य. तेव्हा मी त्याला वैतागायचे. अंधेरीला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरूनच फोन लावला. आधी बीपीची गोळी घेतली का ते विचारलं. "हो," ते म्हणाले. मग थोडं थांबून, स्पष्ट, "तू?"